सात तेवीसची न्याहारी

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आत्या पंधरा दिवस आमच्याकडे कोलशेतला राहायला आली. तिचं डोंबिवलीचं घर तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टचं. आमचं एकोणिसाव्या, पण लिफ्ट तीन. डॉक्टरांनी तिला गॅसपाशी उभं राहायला आणि खाली वाकायला मनाई केली होती. बोलायला केली नव्हती. त्यामुळे सकाळी सव्वासहाला काळा चष्मा लावून ती जेवणाच्या टेबलाशी येऊन बसायची आणि माझं स्वयंपाकघर बघायची.

आमची सकाळ अशी : मुलाच्या शाळेची बस सहा पन्नासला गेटवर येते आणि थांबत नाही. नवरा सात वीसला निघतो. मला आठवड्यातून तीन दिवस ऐरोलीला ऑफिस गाठायचं असतं. कापूरबावडीचा चौक, मेट्रोचे खांब, पुढे कळवा आणि विटावा अशी वाट काढायची, तर आठ दहानंतर घर सोडण्यात अर्थ नसतो. एवढ्यात तिघांचा नाश्ता, तीन डबे आणि एक हरवलेला मोजा.

फ्रिजवर मी आठवड्याचं वेळापत्रक लावलं होतं. सोमवारी मुगाची धिरडी, मंगळवारी नाचणीचे डोसे, बुधवारी रात्रभर भिजवलेले ओट्स, गुरुवारी मटकीची उसळ, शुक्रवारी भाज्या घालून पोहे. तिसऱ्या दिवशी आत्यानं चष्मा वर करून ते वाचलं.

"हे कुणी लिहिलंय?"

"मी."

"करतं कोण?"

"मीच."

"मग लिहून दाखवतेस कुणाला?"

अशा लेखात वयस्कर बाईनं ताज्या भाकरीची बाजू घ्यायची आणि तरुणीनं पाकिटाची, असा रिवाज आहे. आमच्याकडे उलटं आहे. आत्या पाकिटाच्या बाजूची. १९७८ मध्ये ती फोर्टातल्या एका विमा कार्यालयात लागली आणि २०१३ मध्ये निवृत्त झाली. मधली पस्तीस वर्षं तिनं डोंबिवलीहून सात तेवीसची गाडी पकडली. न्याहारी, नाश्ता, ब्रेकफास्ट या कुठल्याच शब्दाबद्दल तिला ममत्व नाही. आणि मी अशी की, पाकीट घेतलं तर आधी उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचणार.

"पस्तीस वर्षं सकाळी मी काय खाल्लं, सांगू?" ती म्हणाली. "चहा-पोळी. रात्रीची पोळी तव्यावर कडक करायची आणि चहात बुडवायची. पोळी नसेल तर खारी. खारी नसेल तर केळं, तेही दिवा स्टेशनपर्यंत बसायला मिळालं तर."

"आणि बावन्नाव्या वर्षी मधुमेह."

"तुझ्या आजोबांना अठ्ठेचाळिसाव्या वर्षी झाला. ते रोज ताजी भाकरी खायचे. आयती."

"आत्या, त्या खारीत मैदा आणि वनस्पती तूप. वनस्पती तुपात ट्रान्स फॅट. सरकारनं आता तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा घातलीय, पण ती २०२२ च्या जानेवारीपासून. तू खाल्लीस ती सगळी त्याच्या आधीची."

"मग आता काय, ती परत काढून देऊ?"

या प्रश्नाला उत्तर नसतं. पण मुद्दा माझा बरोबर होता, आणि तिला तो लागला होता. कारण दुसऱ्या दिवशी तिनं खारी मागितली नाही, टोस्ट मागितला. तिच्या लेखी ही तडजोड होती.

मंगळवारी नाचणीचे डोसे केले. छान झाले. मुलानं दीड खाल्ला, उरलेला अर्धा बसमध्ये खाईन म्हणून हातात घेऊन गेला आणि लिफ्टमध्ये शेजाऱ्यांच्या कुत्र्याला दिला, हे नंतर वॉचमनकडून कळलं. मी ओटा आवरत होते तेव्हा आत्या बोटं मोजत होती.

"सात."

"काय सात?"

"भांडी. पीठ भिजवलंस ते पातेलं, मिक्सरचं चटणीचं भांडं, त्याचं पातं, त्याचं झाकण, तवा, उलथनं, तेलाची वाटी. ताटल्या धरल्याच नाहीत. नाश्ता मिनिटांत मोजायचा नसतो गं, भांड्यांत मोजायचा असतो. चहा-पोळीला दोन. केळ्याला शून्य."

मला हे माप आवडलं, हे तिला सांगितलं नाही. आपण पाककृतींवर वाचतो 'दहा मिनिटांत तयार'. त्या दहा मिनिटांत कांदा आधीच चिरलेला असतो, खोबरं खवलेलं असतं, आणि कढई आपोआप घासली जाते. स्मूदी म्हणे दोन मिनिटांत होते. होते. पण मिक्सरच्या पात्याखाली अडकलेला खजूर काढायला मला एकदा सेफ्टी पिन लागली होती.

तरी मी सोडलं नाही. "तुझ्या मापानं मॅगी सगळ्यात चांगली. एक पातेलं, एक चमचा."

"मॅगीला नावं ठेवू नकोस. १९८३ मध्ये आली, आणि तुझ्या बाबांनीच पहिलं पाकीट डोंबिवलीला आणलं. सगळ्यांनी घड्याळं लावून दोन मिनिटं मोजली. पाणी उकळायलाच चार गेली! पातेलं शोधण्यापासून तोंडात घास जाईपर्यंत नऊ मिनिटं. पण मुलं स्वतः करायला शिकली. मी घरी नसताना माझा मुलगा उपाशी राहिला नाही, हे त्या पिवळ्या पाकिटाचे उपकार. २०१५ मध्ये जूनपासून पाच महिने बाजारातून गायब झाली, तेव्हा तो बंगळूरूहून फोन करून रडवेला झाला होता. तिशीचा घोडा."

"त्याला अल्ट्रा-प्रोसेस्ड म्हणतात." मग मी तिला नोव्हा वर्गीकरण सांगितलं. ब्राझीलमधले साओ पाउलो विद्यापीठाचे कार्लोस मोंतेइरो यांनी २००९ मध्ये मांडलं की, अन्नात कुठलं जीवनसत्त्व किती एवढंच बघू नका, त्याच्यावर कारखान्यात किती प्रक्रिया झाली ते बघा. त्यांनी चार गट केले. चौथा गट म्हणजे घरच्या स्वयंपाकघरात कधीच नसतात असे पदार्थ घालून बनवलेलं खाणं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातही या गटापासून जपून राहायला सांगितलंय.

आत्यानं सगळं शांतपणे ऐकलं. विमा कार्यालयात ती दावे तपासायची. दावेदाराला आधी पूर्ण बोलू द्यायचं, हे तिच्या हाडीमासी आहे.

"आणि पोहे?" ती म्हणाली.

"पोह्यांचं काय?"

"पोहे कुठल्या गटात? आपलं मूळ घर पेणचं. तू गिरणी बघितली नाहीस, मी बघितलीय. भात गरम पाण्यात घालून रात्रभर भिजवायचं. सकाळी उपसायचं. भट्टीवर तापलेल्या वाळूत भाजायचं, आणि गरम आहे तोवर चेपायचं. गार झालं की चुरा होतो. म्हणजे भिजवलं, शिजवलं, भाजलं, चेपलं, वाळवलं. तुझ्या डब्यात येतं तेव्हा ते शिजून झालेलं असतं. तू फक्त पाणी दाखवतेस आणि म्हणतेस, मी ताजा नाश्ता केला."

मी गप्प.

"दडप्या पोह्यांना तर गॅसही लागत नाही. नारळाच्या पाण्यावर दडपले की झाले. मॅगीला निदान पाणी उकळावं लागतं."

खरं सांगायचं तर हा मुद्दा मला आधी कधी सुचला नव्हता. मराठी स्वयंपाकघर झटपट खाण्यानंच भरलेलं आहे, फक्त आपण त्याला ते नाव देत नाही. थालीपिठाची भाजणी म्हणजे धान्यं आणि डाळी भाजून दळून ठेवलेलं पीठ. पाणी, कांदा, मीठ घातलं की तव्यावर. मेतकूट म्हणजे मऊ भातावर टाकायची पूड. सातूचं पीठ तर दुधात गूळ घालून कालवलं की संपलं, भांडं एक. लाह्या, कुरमुरे, नाचणीसत्त्व, सगळं उन्हाळ्यात करून डबे भरून ठेवलेलं. आपल्या आज्यांना सकाळी घाई नव्हती, हा समज कुणी पसरवला कोण जाणे. त्यांना शेत होतं, गुरं होती, आणि सातला पाणी भरायची रांग होती.

पण मीही तिच्याच घराण्यातली. "फरक आहे," मी म्हटलं. "पोह्यांच्या पिशवीवर घटक पदार्थ वाच. एकच शब्द : भात. नियम असा आहे की जे वजनानं सगळ्यात जास्त ते आधी लिहायचं आणि उतरत्या क्रमानं पुढे जायचं. माझ्या मुलाच्या त्या चॉकलेटी गोळ्यांच्या खोक्यावर साखर दुसऱ्या नंबरला आहे. पोह्यात मीठ किती, साखर किती, तेल कुठलं, हे माझ्या हातात असतं. पाकिटात ते दुसऱ्याच्या हातात."

"हे बरोबर," आत्या म्हणाली.

इतक्या लगेच ती मान्य करेल असं वाटलं नव्हतं. मी जरा सावध झाले.

"पण मग भांडण पाकिटाशी नाही तुझं. पाकिटात काय आहे त्याच्याशी आहे. पुण्याच्या गिट्सनं १९६३ पासून पाकिटं विकायला घेतली, तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. बंगळूरूच्या एमटीआरवाल्यांनी महायुद्धात तांदूळ मिळेना म्हणून रव्याची इडली काढली असं ते सांगतात, आज ती लोक परंपरा म्हणून खातात. परंपरा म्हणजे काय, जुनी झालेली सोय."

तिला कॉर्नफ्लेक्स मात्र पटत नाहीत, आणि त्याचं कारण पोषणाचं नाही. केलॉग्ज १९९४ मध्ये भारतात आली, तेव्हा काकांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, मोठ्या हौसेनं खोकं आणलं. आत्यानं त्यावर दूध ओतलं, अर्थातच गरम. सकाळी थंड दूध कोण पितं? दोन मिनिटांत लगदा. अशा असंख्य घरांत असंख्य लगदे झाले आणि कंपनीला सुरुवातीची वर्षं जड गेली, ही गोष्ट आता व्यवस्थापनाच्या वर्गांत शिकवतात. आत्याचं म्हणणं, "लापशीच खायची तर दलियाची खाऊ. निदान ती लापशी आहे हे कबूल करते."

काकांचं आलंच आहे तर सांगायला हवं. कोलशेत रोडला एकेकाळी सँडोझ, बायर अशा रासायनिक कारखान्यांची रांग होती. आता त्या जमिनींवर टॉवर आहेत. काका याच रस्त्यावरच्या एका कारखान्यात पाळ्यांमध्ये काम करायचे. आमच्या बाल्कनीत उभं राहून खाली बघताना आत्या एकदा म्हणाली, "इथेच कुठेतरी त्यांचं कँटीन होतं. पहिल्या पाळीला साडेआठला गरम उपमा नाहीतर उसळ-पाव. नाममात्र पैशांत."

१९४८ च्या कारखाना कायद्यात तशी तरतूदच होती : अडीचशेहून जास्त कामगार असतील तिथे उपाहारगृह पाहिजे. यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाच्या पोटात काहीतरी गरम हवं, हे कायदा करणाऱ्यांना समजलं होतं.

"म्हणजे काका रोज गरम उपमा खात होते," मी म्हटलं, "आणि त्याच वेळी तू घाटकोपरला दाराशी लोंबकळत शिळी पोळी पचवत होतीस."

"लोंबकळत नव्हते. मला चौथी सीट मिळायची."

आत्याच्या तोंडून स्वतःबद्दल तक्रार काढणं कठीण आहे. मग मी आकडा काढला. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाईचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटं निघाला, आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांचा ९७. "बघ, जवळपास पाच तास."

"मला आकडा कशाला सांगतेस? संध्याकाळच्या गाडीत माझ्या मांडीवर भाजीची पिशवी असायची. दादरला गवार काढायची, मुलुंडपर्यंत निवडून व्हायची. समोरची मेथी खुडायची. एक बाई मटार सोलायची आणि सगळ्यांना चार-चार दाणे द्यायची. तुम्ही त्याला आता काय म्हणता, मील-प्रेप? आमचं मील-प्रेप सहा अकराच्या कल्याण लोकलमध्ये व्हायचं. सकाळी भाजी दहा मिनिटांत फोडणीला पडायची, आणि शेजारीण म्हणायची, तुमचा बाई उरक! उरक कसला, आदल्या संध्याकाळची पन्नास मिनिटं होती ती."

इथे ती थांबली, चहाचा घोट घेतला, आणि मग म्हणाली, "झटपट असं काही नसतंच. कुणीतरी आधी केलेलं असतं, एवढंच."

यानंतर खरं तर वाद संपायला हवा होता. पण मला तिची एक बाजू कच्ची वाटत होती. डोंबिवलीची पोळी-भाजी केंद्रं ही तिची श्रद्धास्थानं. नोकरदार बायकांचं ते शहर, आणि गल्लोगल्ली कुणा ना कुणा बाईनं पोळ्या विकायला घेतलेल्या. आत्या संध्याकाळी स्टेशनवरून उतरली की तिथून आठ पोळ्या घेऊन घरी जायची. चार रात्रीला, चार सकाळच्या चहाला. या पंधरा दिवसांत काकाही तिथूनच जेवत होते, आणि फोनवर त्यांच्या आवाजात दुःखाचा लवलेश नव्हता.

"म्हणजे तुझी सोय दुसऱ्या बाईच्या पाठीवर," मी म्हटलं. "ती पहाटे चारला उठून शंभर पोळ्या लाटणार, म्हणून तू साडेसहाला उठणार."

"हो."

"हे तुला चालतं?"

"तिला मी पैसे देत होते. तुझ्या आजीला कुणी दिले?"

सहा पन्नासची बस खाली हॉर्न देत होती. मुलाचा मोजा सापडला नव्हता. दोन वेगळ्या रंगांचे घालून तो गेला.

त्या दिवशी ऑफिसला जाताना हेच डोक्यात होतं. आमच्या बाल्कनीतून खाडी दिसते, कांदळवन दिसतं, आणि पलीकडे भिवंडी तालुक्यातल्या काल्हेर-कशेळीच्या बाजूची गोदामं दिसतात, पत्र्याची लांबच लांब छपरं. रात्री साडेअकराला मी फोनवर इडलीचं पीठ मागवते आणि दहा मिनिटांत दारात पोरगा उभा असतो, तेव्हा त्या दहा मिनिटांच्या मागे कुणीतरी तांदूळ भिजवलेले असतात, कुणीतरी वाटलेले, कुणीतरी थंड ट्रकमधून आणलेले, आणि कोपऱ्यावरच्या बंद शटरच्या दुकानात कुणीतरी मांडणीतून उचलून धावत पॅक केलेले. माझं आंबवलेलं, पौष्टिक, घरगुती वाटणारं खाणं. त्याला किती भांडी लागली हे मला माहीत नाही, कारण ती मला दिसत नाहीत. आत्याला निदान तिची पोळीवाली नावानं माहीत होती, आणि तिच्या मुलीच्या लग्नाला ती जेवून आली होती.

संध्याकाळी हे मी तिला सांगितलं. मला वाटलं ती खूश होईल.

"मग आता काय, पीठ मागवणार नाहीस?"

"मागवीन."

"मग हळहळतेस कशाला? त्या पोराला वर आल्यावर पाणी विचार."

आमच्याकडे भांडी घासायला येतात त्या ताई कोलशेत गावातल्या. सात वाजता येतात. आत्यानं पहिल्याच दिवशी त्यांना विचारलं, खाऊन निघता का? नाही, दहाला तिसरं घर आटपलं की खाते. काय? भाकरी. डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. पहाटे पाचला उकड काढून सगळ्या घराच्या भाकऱ्या एकदमच थापतात. न्याहारीलाही त्याच, दुपारीही त्याच. उकडीची असल्यानं दुपारपर्यंत वातड होत नाही. खाडीवर जाणारी जुनी माणसं हेच फडक्यात बांधून न्यायची, असं त्या म्हणाल्या. माझं पाच दिवसांचं पाच पदार्थांचं वेळापत्रक त्या रोज फ्रिजवर बघतात. त्यावर त्यांनी कधी काही म्हटलेलं नाही. फक्त एकदा विचारलं होतं, "ताई, रोज निराळं कशाला?"

हा प्रश्न मी आत्यापुढे ठेवला. एवढ्या वादात आम्हा दोघींचं ज्या मुद्द्यावर पटकन एकमत झालं, तो हा. रोज वेगळं हवं ही पोटाची मागणी नाहीच. ती फोनमधून आलेली आहे, आणि मुलाच्या शाळेनं पाठवलेल्या डब्याच्या तक्त्यातून आलेली आहे. पूर्वी घरोघर एकच नाश्ता महिनोन् महिने चालायचा. कुणाकडे भाकरी-दूध, कुणाकडे मऊभात, कुणाकडे फोडणीची पोळी. कंटाळा यायचा तो रविवारी घालवायचा. ठाण्यात तर त्यासाठी मामलेदार कचेरीपाशी मिसळ होती, डोळ्यांत पाणी आणणारी. कामाच्या दिवशी सकाळी तिथे रांगेत कोण उभं राहणार? तो रविवारचा उद्योग.

"पण प्रोटीन?" मी शेवटचं हत्यार काढलं. "चहा-पोळीत काय मिळतं? अंड्यात सहा ग्रॅम असतं."

"मूठभर शेंगदाण्यात?"

शंभर ग्रॅम दाण्यांत साधारण पंचवीस. मूठभर म्हणजे तीस ग्रॅम धरले तर सात-साडेसात. मी हिशेब केला आणि सांगून टाकला.

"मग पोह्यांत दाणे मोजून का घालतेस? चिमूटभर घालून वर बिया पेरतेस, त्या भोपळ्याच्या. त्यांना पैसे मात्र दाण्यांच्या कितीतरी पट."

या फेरीत माझी हार झाली. तरी एक सांगायला हवं : आत्याच्या चहा-पोळीत दाणे नव्हते. पस्तीस वर्षं नव्हते. तिला हे दाण्यांचं शहाणपण निवृत्तीनंतर आलंय, आहारतज्ज्ञ बाईंनी कागदावर लिहून दिल्यावर. मी तसं म्हटलंही. ती म्हणाली, "तेव्हा मला सात तेवीस गाठायची होती. तू विचार करतेस कारण तुला आठ दहापर्यंत वेळ आहे." सत्तेचाळीस मिनिटांच्या फरकावर एक अख्खं तत्त्वज्ञान उभं असू शकतं.

शेवटच्या रविवारी डॉक्टरांनी तिला गॅसपाशी जायला परवानगी दिली. दुपारी तीनला, मी आडवी होणार होते तेव्हा, तिनं मला उठवलं. अर्धा किलो जाड रवा काढायला लावला. आधी तो कोरडाच, मंद आचेवर, हात न थांबवता. वास बदलला की परातीत काढायचा. मग त्याच कढईत तेल, मोहरी, उडदाची डाळ, सुक्या मिरच्या, कढीपत्ता.

"कढीपत्ता कुरकुरीत व्हायला हवा. ओलसर राहिला तर चार दिवसांत डबा वास मारेल. ओली मिरची नको, आलं नको. ते सकाळी घालायचं तर घाल, नाहीतर नको."

"दाणे?"

"दोन मुठी. बघ, ऐकते मी तुझं."

रवा परत कढईत, मीठ, चिमटीभर साखर, आणि गार झाल्यावर स्टीलच्या डब्यात. सकाळी एका वाटीला अडीच वाट्या उकळतं पाणी, पाच मिनिटं झाकण. भांडी दोन. एकूण पाऊण तास लागला, सगळा रविवारचा. डब्यावर काय लिहू विचारलं, तर म्हणाली तारीख लिही. मी तारखेखाली घटक पदार्थही लिहिले, उतरत्या क्रमानं. रवा, दाणे, तेल, डाळ. तिनं नव्या डोळ्यानं ते वाचलं आणि हसली.

पुढचा आठवडाभर तो डबा चालला. मुलानं दोन दिवस तक्रार केली, तिसऱ्या दिवशी विसरला. नवऱ्यानं एकदा स्वतः करून खाल्ला आणि दिवसभर त्याबद्दल बोलला. फ्रिजवरचं वेळापत्रक मी काढलं नाही. त्याच्यावर दुधाचं बिल लावलं.

आत्या डोंबिवलीला गेल्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी सहा चाळीसला तिचा फोन आला. डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली की ती कुणाला तरी फोन करते.

"काय खातेस?"

"काही नाही, उपमा."

"खारीचा आवाज येतोय."

मी उरलेला तुकडा हळूच बशीत ठेवला.

"रव्याचा डबा?"

"शुक्रवारीच संपला."

"मग काल दुपारी काय करत होतीस?"

"झोपले होते."

पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग काकांनी कप बेसिनमध्ये ठेवल्याचा आवाज आला.

"बरं केलंस," आत्या म्हणाली.